स्टेअरिंग जड, पण पंप ठणठणीत

पॉवर स्टेअरिंग जड झालं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: पंप गेला. वरुडकडे माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. त्यांच्याकडे जुनी, विदेशी बनावटीची महागडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी) आहे, वजन दोन टनांच्या वर. या मे महिन्यात तिचं स्टेअरिंग इतकं जड झालं, की बागेच्या फाटकातून वळताना मामा सीटवरून अर्धे उठायचे. शहरातल्या एका गॅरेजात पंप बदलला, ऑइल बदललं. फरक काहीच नाही. "नवा पंप टाकला, तरी जडची जडच हाय. आता काय करू सांग," मामा म्हणाले.

गाडीला लिंबू-मिरची आणि बिबा तोवर बांधून झाला होता. बिब्याने कोणाचंच स्टेअरिंग हलकं होत नाही, आणि 'ओता आणि विसरा' म्हणून विकल्या जाणाऱ्या जादूच्या बाटलीनेही होत नाही. दोन्हींत एकच खोट आहे: बिघाड कुठे आहे, हा प्रश्नच विचारलेला नसतो.

तो प्रश्न विचारायचा तर आधी स्टेअरिंगच्या आत शिरावं लागतं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप ऑइल सतत ढकलत असतो. आपण सरळ चाललो असलो, की ते ऑइल व्हॉल्व्हमधून फिरून मुकाट टाकीत परत येतं, दाब जवळजवळ नसतो. अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ साली पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर पॉवर स्टेअरिंग चालवून दाखवलं, ते याच युक्तीवर. बाजारातल्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये.

आता माझी आवडती गोष्ट. तुम्ही वळताय, हे त्या व्हॉल्व्हला कळतं कसं? स्टेअरिंगकडून येणारा दांडा आणि चाकांकडे जाणारा गिअर यांना एक बारीक पोलादी दांडी जोडते. तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, टायर जमिनीला चिकटून अडून बसतात, आणि मधल्या मध्ये ही दांडी थोडीशी पिळली जाते, अगदी काही अंश. तिच्याभोवती एकात एक बसलेल्या दोन नळ्या असतात, दोघींना उभ्या खाचा. हाच तो व्हॉल्व्ह. वरची बाजू एका नळीला जोडलेली, खालची दुसरीला. दांडीला पीळ पडला की खाचा एकमेकींवरून सरकतात, ऑइलची परतीची वाट आवळली जाते आणि चाकं वळवायला मदत करणाऱ्या पिस्टनच्या एका बाजूला दाब चढतो. समजा, पिस्टन २५ चौरस सेंटिमीटरचा आणि दाब चौरस सेंटिमीटरला ८० किलो. म्हणजे २,००० किलोचा रेटा! शाळेतला पास्कलचा नियम, दुसरं काही नाही. गाडी वळली, की पीळ सुटतो, खाचा जागेवर येतात आणि दाब उतरतो.

याचा अर्थ नीट बघा. मदत किती मिळणार, हे दांडीला किती पीळ पडला त्यावर ठरतं. दांडीच्या खाली अडथळा असेल, म्हणजे चाकांकडचे गोल सांधे (बॉल जॉइंट) सुकलेत, चाक ज्या खिळीवर वळतं तो किंगपिन जाम आहे, टायरात हवा कमी आहे, तर पीळ वाढतो आणि पंप तो अडथळा बराचसा स्वतःच्या अंगावर घेतो. खूण एवढीच, की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. पण अडथळा दांडीच्या वर असेल, तर तुमच्या हाताचा जोर तिथेच खर्ची पडतो. तो दांडीपर्यंत पोचतच नाही, आणि जे दांडीला कळलं नाही ते पंपाला कळत नाही. मग नवा पंप घाला नाहीतर दोन घाला.

मामांच्या गाडीची हवा, ऑइल, पट्टा आधी पाहिला. शेतातल्या चिखलातून निघाल्यावर फोर-बाय-फोर डांबरी रस्त्यावरही लागलेलंच राहिलं, तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि वळण जड जातं, तेही नव्हतं. मग गावच्या मिस्त्रीने मागच्या चाकांना दगड लावून पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवलं. चाकं हवेत असूनही जड! तेही सारखं नाही, एका फेऱ्यात दोनदा अडत होतं. मिस्त्रीने खालचा जोड सोडला आणि नुसता वरचा दांडा हाताने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरवला. (त्याहून जास्त फिरवू नये, एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते.) अडणं तसंच.

दोनदाच का? दांडा इंजिनाला वळसा घालून तिरपा जातो, तिथे त्याचे दोन तुकडे जोडणारा क्रॉस म्हणजे यू-जॉइंट असतो. त्याचा एक आस जाम झाला, की फेऱ्यात दोनदा त्याला सर्वांत वेगाने डोलावं लागतं आणि दोनदा तो नकार देतो. हा क्रॉस सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळ होता. वर्षानुवर्षांची ती धग, त्यात पावसाळ्यात नाल्याचं पाणी. आतलं ग्रीस सुकून गंज चढला होता.

ऑइल मारून तो दोन दिवस हलका झाला असता. तो बंद जातीचा, म्हणजे आत ग्रीस भरता न येणारा असल्याने बदललाच. दांड्यावर खूण करून नवा त्याच खुणेवर बसवला, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं दिसतं. काम अर्ध्या दिवसाचं. फाटकातून वळल्यावर मामांनी हात सोडला, तर स्टेअरिंग आपसूक सरळ आलं. जुना पंप अजून गोठ्यातल्या फळीवर आहे, त्याला काहीही झालेलं नाही.