हिरव्या स्मूदीचं यंत्र: आधी भांडं पाहा, वॉट नंतर

पालकाचं पान बोटांत चुरगळलं की लगेच मऊ पडतं. मिक्सरमध्ये मात्र तेच पान भिजवलेल्या डाळीपेक्षा जास्त त्रास देतं. केळ्याचा लगदा काही सेकंदांत होतो, पालकाच्या चिंध्या मिनिटभरानंतरही तरंगत राहतात आणि पिताना घशाला लागतात. हिरव्या स्मूदीला नाक मुरडणाऱ्या अनेकांची खरी तक्रार चवीची नसते, या चिंध्यांची असते. त्यावर दुकानात एकच उत्तर मिळतं: जास्त वॉटचं यंत्र घ्या. हा सल्ला निम्माच खरा आहे आणि त्यापायी लोक नको तितका खर्च करतात, असं माझं मत आहे.

यंत्राला नेमकं काय फोडायचं आहे ते आधी बघू. पान म्हणजे सेल्युलोजच्या भिंती असलेल्या असंख्य पेशी. त्या पेक्टिन या डिंकासारख्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि शिरा व देठांमध्ये चिवट धागे असतात. एकेक पेशी साधारण २० ते १०० मायक्रोमीटरची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास. डाळीचा दाणा कडक आणि जड असतो, त्यामुळे तो पात्याचा फटका पूर्ण खातो. पान हलकं आणि लवचीक. पातं जवळ आलं की ते दुमडतं आणि पाण्याबरोबर बाजूला सरतं. शिवाय इतक्या बारीक पेशींवरून पात्याची धार एकेक करून फिरणं शक्यच नाही. पात्याचं काम पानाचे तुकडे करण्यापुरतं असतं. त्यानंतरचं काम करतं ते खवळलेलं पाणी. शेजारशेजारचे पाण्याचे थर वेगवेगळ्या गतीने धावतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेला तुकडा ताणला जाऊन फाटतो.

गतीची कमतरता आपल्या घरच्या मिक्सरला नसते. बहुतेक मिक्सर रिकामे असताना मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे घेतात. पात्याची लांबी मध्यापासून तीन सेंटिमीटर धरली, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटर येतो, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. भार पडल्यावर हा वेग उतरतो, तरी तो पानासाठी भरपूर आहे. मग चिंध्या का उरतात?

कारण पाणीही पात्याबरोबर फिरू लागतं. गोल, गुळगुळीत भिंतींच्या भांड्यात सगळा द्रव एकसंध गरगरायला लागतो आणि पानंही त्याच्याच गतीने फिरतात. पातं आणि पान यांच्या वेगातला फरक घटला की फाडणारं बल घटतं. भांड्याच्या आत ज्या उभ्या, उंचावलेल्या पट्ट्या असतात त्या नक्षी म्हणून नसतात. फिरता द्रव त्यांच्यावर आपटतो, वळतो आणि पुन्हा मध्यावर पात्याकडे येतो. ताक घुसळताना रवी दोरीने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते, तेव्हा हेच साधलं जातं: दिशा सतत बदलत राहिल्याने ताकाला एकसंध फिरण्याची सवडच मिळत नाही. रासायनिक कारखान्यांतल्या ढवळण्याच्या टाक्यांतही भिंतीला अशाच पट्ट्या बसवतात.

म्हणून मिक्सर किंवा ब्लेंडर घेताना झाकण उघडून आधी आत बघावं. पट्ट्या ठळक आहेत का? तळ पात्याकडे उतरता आहे का, की कडेला पानं साचून राहतील अशी सपाट जागा आहे? पातं तळाशी किती लगटून आहे? चार पात्यांपैकी काही वर आणि काही खाली वळलेली आहेत का? वर वळलेली पाती तरंगणारी पानं पकडतात, खाली वळलेली तळाचा गाळ उचलतात. भारतीय मिक्सरबरोबर तीन भांडी येतात, त्यांतलं मोठं, ज्यूसचं म्हणून दिलेलं भांडं बहुधा याच कामाचं असतं. अनेक घरांत ते माळ्यावर पडलेलं असतं आणि स्मूदी मधल्या, कोरड्या वाटणाच्या भांड्यात चालते. त्या भांड्याची पाती दळण्यासाठी घडवलेली असतात. एका जणाची स्मूदी करायची असेल आणि मोठ्या भांड्यात पातंही नीट बुडत नसेल, तर चटणीचं लहान भांडं जास्त चांगलं काम देतं.

आपला मिक्सर आणि पाश्चात्त्य ब्लेंडर यांच्या घडणीतला फरक त्यांच्या जन्मातच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरातल्या स्टीफन पोप्लॉव्स्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलेल्या यंत्राचं पेटंट १९२२ मध्ये घेतलं, ते माल्ट घातलेल्या दुधाच्या पेयांसाठी. म्हणजे ब्लेंडर मुळात पातळ पदार्थाचा. मुंबईत १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी ‘सुमीत’ मिक्सर घडवला, कारण घरातलं ब्राउन या परदेशी कंपनीचं यंत्र आपल्या वाटणाघाटणापुढे टिकलं नव्हतं. हळकुंड, ओलं खोबरं, इडलीचं पीठ हे सगळं झेपावं म्हणून आपल्या मिक्सरला सुरुवातीपासून तगडी मोटर मिळाली. पालक फाडायला ती पुरते.

आता वॉट. यंत्रावर छापलेला आकडा मोटर विजेतून किती शक्ती घेते ते सांगतो, पात्यापर्यंत किती पोचते ते सांगत नाही. बराच भाग मोटरच्याच उष्णतेत आणि आवाजात जातो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खवळलेला द्रव ढवळायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते आणि पात्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताने. पातं फक्त २० टक्के मोठं केलं, तर तेवढेच फेरे ठेवायला जवळपास अडीचपट शक्ती लागते. मोठ्या भांड्याच्या आणि मोठ्या पात्याच्या महागड्या ब्लेंडरवर १५०० वॉट लिहिलेलं असतं ते यामुळेही. लहान भांडं, लहान पातं आणि ५०० ते ७५० वॉट या जोडीला कमी लेखू नये. उलट, चार्जिंगवर चालणारे बाटलीएवढे ब्लेंडर मऊ केळं आणि दूध यापुरतेच ठीक असतात. त्यांच्या बॅटरीची शक्ती मेथीच्या देठापुढे हात टेकते.

खवळलेलं पाणी काय फाडू शकतं आणि काय नाही, याचं एक सुंदर उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी जनुकांचं द्रव्य प्रथिन आहे की डीएनए, हे तपासण्यासाठी जीवाणूंना विषाणूंची लागण केली आणि ते मिश्रण वॉरिंग कंपनीच्या ब्लेंडरमध्ये फिरवलं. जीवाणूंच्या पृष्ठभागाला चिकटलेली विषाणूंची रिकामी प्रथिन-कवचं सुटून आली, डीएनए मात्र जीवाणूंच्या आतच राहिलं आणि त्यातून नवे विषाणू तयार झाले. आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए असल्याचा हा मोठा पुरावा ठरला आणि हर्शी यांना पुढे १९६९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. स्वयंपाकघराच्या दृष्टीने यातली गोष्ट वेगळीच आहे: ब्लेंडरमध्ये फिरूनही जीवाणू शाबूत राहिले.

असं का, याचं उत्तर रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे. खवळलेल्या पाण्यात मोठे भोवरे फुटून लहान होतात, ते आणखी लहान होतात, पण एका मर्यादेखाली द्रवाचा चिकटपणा त्यांना शमवून टाकतो. एका लिटरमध्ये काहीशे वॉट ओतणाऱ्या मिक्सरसाठी ढोबळ हिशेब केला, तर ही मर्यादा दहा मायक्रोमीटरच्या आसपास येते. पालकाची पेशी त्याहून मोठी, म्हणून ती भोवऱ्यांच्या ओढाताणीत फुटते. जीवाणू एक-दोन मायक्रोमीटरचा, तो भोवऱ्याबरोबर नुसता वाहत राहतो. म्हणजे कितीही ताकदीचं यंत्र घेतलं तरी ते पालेभाजीवरचे जंतू मारत नाही. कच्ची पानं एकेक सुटी करून, देठाकडची माती काढून, वाहत्या पाण्याखाली धुणं याला यंत्राचा पर्याय नाही. पावसाळ्यात तर याबाबत जराही हयगय करू नये.

‘मिक्सरच्या उष्णतेने जीवनसत्त्वं जळतात’ हेही नेहमी ऐकू येतं. हिशेब करून बघू. ७५० वॉटच्या मिक्सरची सगळीच्या सगळी शक्ती मिनिटभर एक लिटर पाण्यात उतरली, तर ४५,००० ज्यूल होतात आणि पाणी जेमतेम ११ अंशांनी तापतं. प्रत्यक्षात त्याहून कमीच तापतं. गोठवलेली फळं किंवा बर्फाचे दोन खडे घातले की एवढाही प्रश्न उरत नाही. पाच-सहा मिनिटं सलग फिरवलं तर गोष्ट वेगळी, मोठ्या ब्लेंडरमध्ये घर्षणाने सूप वाफाळतं ते असंच. पण इतका वेळ फिरवायची गरज पडत असेल तर पाण्याचं प्रमाण किंवा पानं घालायची पद्धत चुकते आहे.

पद्धत साधी आहे. आधी पानं आणि पातं बुडेल इतकंच पाणी किंवा ताक घालून फिरवावं. पाणी फार झालं तर पानं मोकळी तरंगतात, फार कमी झालं तर पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते. मोटरचा आवाज एकदम चढतो आणि वरचं मिश्रण हलत नाही, ही त्या पोकळीची खूण. तेव्हा बटण सोडून क्षणभर थांबावं, पोकळी बसते आणि पानं पात्यावर खाली येतात. पल्सचं बटण याचसाठी आहे. हिरवा द्रव एकजीव झाल्यावर मगच फळं घालावीत. सगळं एकदम घातलं की केळं दाट होऊन पानांना पात्यापर्यंत येऊच देत नाही.

आणखी एक उपाय आहे आणि त्यासाठी नवं काहीच विकत घ्यावं लागत नाही: फ्रीजर. धुऊन, निथळून, कोरडी केलेली पानं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक पेशींच्या पडद्यांना आणि भिंतींना तडे देतात. शिवाय गोठलेलं पान लवचीक राहत नाही, पात्यापुढे दुमडण्याऐवजी ते तुटतं. मिक्सर जुना असेल तर नवा घेण्याआधी हे जरूर करून बघा. मात्र विकरांचं (एन्झाइमांचं) काम फ्रीजरमध्येही हळूहळू चालू असतं, म्हणून न उकडलेली पानं महिनोन्महिने साठवू नयेत.

ज्यूसरबद्दल थोडक्यात. कोल्ड प्रेस ज्यूसर मिनिटाला शंभरहून कमी फेऱ्यांनी पान चेचून रस पिळतो आणि चोथा बाहेर टाकतो. रस छान निघतो, पण ती स्मूदी नव्हे, कारण तंतू त्या चोथ्यात जातात. मिक्सरमध्ये तंतू बारीक होतात, नष्ट होत नाहीत. हँड ब्लेंडर उभट, अरुंद ग्लासात चांगला चालतो, रुंद पातेल्यात नाही. उलटं बसवायच्या बंद भांड्यात गरम काही फिरवू नये, वाफेच्या दाबाने झाकण उडू शकतं.

पेशी नीट फुटल्याचा लाभ फक्त जिभेला नसतो. पालकातलं ल्युटीन आणि बीटा-कॅरोटीन ही रंगद्रव्यं हरितलवकांच्या, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांच्या आत बंद असतात, पेशी फुटली की ती पचनाला सापडतात. ही द्रव्यं मेदात विरघळतात, तेव्हा सोबत सायीचं दही, ओलं खोबरं किंवा मूठभर शेंगदाणे हवेत. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पालकावर काम केलं, तेव्हा न शिजवता बारीक करून दुग्धपदार्थ मिसळणं हा ल्युटीन मिळवण्याचा चांगला मार्ग दिसला. लिंबू पिळलं की सफरचंद काळं पडत नाही, पण तेच आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर काढतं आणि रंग हळूहळू शेवाळी होतो. तेव्हा लिंबू पिताना पिळावं.

इथे एक गोष्ट काळजीपूर्वक सांगायला हवी. यंत्र जितकं चांगलं तितकी जास्त पानं सहज पोटात जातात आणि कच्च्या पालकात ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला कारण ठरू शकणारं द्रव्य, भरपूर असतं. बारीक केल्याने ते कमी होत नाही, उकडून पाणी टाकल्याने काही प्रमाणात होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडविकारांच्या एका नियतकालिकात हिरव्या स्मूदींचा मारा केल्यानंतर ऑक्झलेटमुळे मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाची नोंद आहे. रोज पालकच नको. कोबी, लेट्यूस, केल यांत ऑक्झलेट कमी असतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरीन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. वॉरफरीनच्या कामात हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व आड येतं.

घरातल्या एकाच मिक्सरवर लसणाची चटणी आणि स्मूदी दोन्ही करायची असेल, तर झाकणाचा रबर वेगळा ठेवा. लसूण-मसाल्यांची वासाची द्रव्यं रबरात मुरतात, ती साबणाने जात नाहीत. स्मूदी ओतल्याबरोबर भांड्यात निम्मं पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून थोडा वेळ फिरवावं, मग रबर काढून त्याच्या खाचेत साचलेला हिरवा गाळ ब्रशने काढावा, कारण जंतू वाढतात ते तिथे. पात्यांना धार यावी म्हणून मिक्सरमध्ये जाडं मीठ फिरवतात, त्याने पात्यांवर चिकटलेला थर निघतो एवढंच. मीठ पोलादापेक्षा बरंच मऊ असतं, ते पोलादाला धार लावू शकत नाही. पाती खरंच बोथट झाली असतील तर धार लावून घ्यावी किंवा पात्याचा जोडच बदलावा. नव्या यंत्राच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ असतो.