प्रॉस्पेरोची जादू आणि सत्ता (‘द टेम्पेस्ट’)

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या ‘द टेम्पेस्ट’ या पाच अंकी नाटकाचा मध्यवर्ती विषय. या नाटकात जादू राज्यकारभाराचे हत्यार म्हणून वापरलेली दिसते. नाटक १६१०–११ च्या सुमारास लिहिले गेले. १ नोव्हेंबर १६११ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात पहिल्या जेम्स राजासमोर त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’ या शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात त्याला पहिले स्थान मिळाले.

मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो ग्रंथांत इतका बुडाला, की कारभार त्याने धाकट्या भावावर, अँटोनियोवर सोपवला. अँटोनियोने नेपल्सचा राजा अलोन्झो याच्याशी संधान बांधून गादी बळकावली आणि प्रॉस्पेरोला त्याची तीन वर्षांचीही नसलेली मुलगी मिरांडा हिच्यासह मोडक्या नावेत बसवून समुद्रात सोडून दिले. गोंझालो नावाच्या भल्या दरबाऱ्याने अन्नपाण्याबरोबर त्याचे ग्रंथही नावेत ठेवले. ज्या ग्रंथांपायी राज्य गेले, त्यांच्याच बळावर तो एका बेटाचा धनी झाला. बारा वर्षांनी शत्रूंचे जहाज जवळून जाताना तो वादळ उठवतो. पुढचे सगळे नाटक तीन-चार तासांत घडते.

पहिल्याच प्रवेशात, जहाज फुटायच्या बेतात असताना, नाखवा सरदारांना दटावतो : या लाटांना राजाच्या नावाची काय पर्वा! राजसत्ता जिथे थिटी पडते तिथे विद्या चालते, हे प्रेक्षकाला दुसऱ्या प्रवेशात कळते. पण ही विद्या प्रत्यक्षात चालते कशी, हे पाहण्यासारखे आहे. प्रॉस्पेरोजवळ झगा, दंड आणि ग्रंथ आहेत. राबतो मात्र एरियल हा वायुरूप आत्मा. जहाजावर आग होऊन नाचणे, खलाशांना झोपवणे, राजपुत्र फर्डिनंडला गाण्याने खेचून आणणे, ही सगळी कामे त्याची. कबूल केल्याप्रमाणे चाकरीच्या मुदतीत एक वर्षाची सूट द्या, असे एरियल विनवतो, तेव्हा प्रॉस्पेरो उसळतो. सिकोरॅक्स या चेटकिणीने त्याला चिरलेल्या पाइन वृक्षात बारा वर्षे कोंडले होते आणि आपण सोडवले, याची तो आठवण देतो; ही आठवण आपल्याला महिन्यातून एकदा द्यावीच लागते, असेही म्हणतो. पुन्हा कुरकुर केलीस तर ओकच्या खोडात बारा हिवाळे ठोकून ठेवीन, ही धमकी वर. उपकाराचे ओझे, सुटकेचे गाजर आणि शिक्षेचा धाक या तिन्हींवर ही हुकमत उभी आहे. मंत्राचा त्यात फारसा संबंध नाही.

सिकोरॅक्सचा मुलगा कॅलिबन याच्याबाबतीत तर गाजरही नाही. आरंभी प्रॉस्पेरोने त्याला जवळ केले, बोलायला शिकवले. कॅलिबनने गोड्या पाण्याचे झरे आणि सुपीक जागा दाखवल्या. मिरांडावर बळजबरी करण्याचा त्याने प्रयत्न केल्यावर तो गुलाम झाला. हे बेट आईकडून मला मिळालेले, ते तुम्ही हिरावलेत, हा त्याचा दावा प्रॉस्पेरो खोडून काढत नाही. त्याच्या अपराधाकडे बोट दाखवतो. गोळे आणि चिमटे ही कॅलिबनची रोजची शिक्षा. तरीही त्याच्यावाचून आपले चालायचे नाही, असे प्रॉस्पेरो मिरांडाला सांगतो : चूल तो पेटवतो, लाकडे तो आणतो. समुद्र खवळवू शकणाऱ्या माणसाला जळण आणायला नोकर लागतो, ही या नाटकातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणता येईल. मिरांडाच्या प्रेमात पडलेल्या फर्डिनंडलाही तो ओंडके वाहायलाच लावतो. मुलीलाही तो सोयीच्या वेळी झोपवतो. तिचे मन जुळते तेही त्याने योजलेल्या राजपुत्राशी.

जेम्स राजाने स्वतः चेटूकविद्येवर १५९७ मध्ये ग्रंथ लिहिला होता आणि १६०४ मध्ये चेटकाविरुद्ध कडक कायदा झाला होता. त्यामुळे प्रॉस्पेरोची विद्या ‘शुद्ध’ आणि सिकोरॅक्सची ‘काळी’ हा भेद राखणे नाटककाराला सोयीचे होते. तो भेद पक्का मात्र नाही. शेवटी विद्या सोडताना प्रॉस्पेरो जे भाषण करतो, ते रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातील मीडिया या चेटकिणीच्या तोंडच्या मंत्रावर बेतलेले आहे. मेलेल्यांना थडग्यातून उठवल्याचा उल्लेखही त्यात आहे. शिवाय सिकोरॅक्स रंगमंचावर येतच नाही. तिच्याविषयी आपण ऐकतो ते प्रामुख्याने प्रॉस्पेरोकडून, आणि त्याने तिला पाहिलेलेच नाही.

चौथ्या अंकात विवाहानिमित्त देवतांचा खेळ रंगलेला असताना त्याला कॅलिबन आणि दोन दारुडे नोकर यांचा कट आठवतो व खेळ मोडतो. आधी त्याचे ग्रंथ ताब्यात घ्या, हे कॅलिबनने साथीदारांना बजावलेले असते. धन्याची नस त्याला नेमकी सापडली आहे. दोरीवर टांगलेल्या भपकेदार कपड्यांना साथीदार भुलतात, कॅलिबन भुलत नाही.

पाचव्या अंकात बंदिवान झालेल्या शत्रूंची अवस्था सांगताना एरियल म्हणतो, मी माणूस असतो तर मला त्यांची दया आली असती. त्यावर प्रॉस्पेरो सूड सोडतो. ही क्षमा अगदी निर्मळ नाही. अँटोनियो आणि अलोन्झोचा भाऊ सेबॅस्टियन यांनी राजाला मारण्याचा बेत केला होता, हे आपल्याला ठाऊक आहे पण तूर्त बोलणार नाही, असे तो त्यांना हळूच सुनावतो. अँटोनियो पश्चात्तापाचा एक शब्दही काढत नाही. देहाला गोठवणारी जादू मनापर्यंत पोहोचत नाही, हे शेक्सपिअर त्या मौनातून दाखवतो. भरतवाक्यात प्रॉस्पेरो निःशस्त्र उभा राहून प्रेक्षकांकडे टाळ्यांची आणि सुटकेची याचना करतो.

एकोणिसाव्या शतकातील समीक्षेने प्रॉस्पेरोचा हा निरोप खुद्द शेक्सपिअरचा रंगभूमीला निरोप मानला. तो समज सोयीचा असला तरी त्यानंतर शेक्सपिअरने नाटककार जॉन फ्लेचरबरोबर आणखी नाटके लिहिली. विसाव्या शतकात बेटाच्या मालकीचा प्रश्न पुढे आला. १६०९ मध्ये व्हर्जिनिया या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीला निघालेले ‘सी व्हेंचर’ जहाज बर्म्युडापाशी फुटले, त्या वृत्तान्ताचा नाटकावर प्रभाव मानला जातो. फ्रेंच मनोविश्लेषक ऑक्ताव्ह मानोनी यांनी १९५० मध्ये वसाहतवादाच्या मानसशास्त्राला प्रॉस्पेरो-कॅलिबनची चौकट दिली. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९६९ च्या आपल्या रूपांतरात कॅलिबनला कृष्णवर्णीय बंडखोर केले. भारतात रवींद्रनाथ ठाकूर यांनी कालिदासाच्या ‘शाकुंतला’शी तुलना करताना असे मांडले, की शकुंतलेचे आश्रमातल्या झाडापाखरांशी नाते आहे, तर प्रॉस्पेरोच्या बेटावर माणूस निसर्गाला केवळ राबवतो. एरियलच्या तोंडचा सुटकेचा धोशा ऐकला की हे म्हणणे पटते.