पॅन्टच्या लेबलवरचा दुसरा आकडा

जीन्सच्या लेबलवर ‘३२ × ३०’ छापलेलं असतं. पहिला आकडा कमरेचा. दुसरा इनसीमचा, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडले जातात तिथपासून मोहरीपर्यंत, म्हणजे पायाच्या खालच्या कडेपर्यंत, आतल्या शिवणीची इंचातली लांबी. कमरेपासून मोहरीपर्यंतच्या बाहेरच्या लांबीतून ती वजा केली की उरतं ते साधारणपणे आसन, म्हणजे त्या सांध्यापासून कमरेपर्यंतचा भाग. गिऱ्हाईक इनसीम बघतं, आसन विसरतं आणि फसतं.

विजारीचा इतिहास मुळात आसनापासूनच सुरू होतो. चीनमध्ये तुर्फानजवळ यांगहाईच्या थडग्यांत सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या लोकरी विजारी सापडल्या. दोन पाय आणि मध्ये एक रुंद तुकडा, तिन्ही मागावरच आकार देऊन विणलेले. कात्री लावलेलीच नाही. घोड्यावर मांड ठोकायची तर पायांमध्ये ऐसपैस कापड हवंच. मध्ययुगीन युरोपात मात्र दोन पाय सुटेच असत, वर बांधून ठेवायचे. वरचा कपडा आखूड होत गेला तसे ते मध्ये जोडले गेले.

माप घ्यायची टेप रुळली ती १९व्या शतकात. त्याआधी शिंपी गिऱ्हाईकागणिक कागदाची पट्टी ठेवून तिच्यावर खाचा पाडत. अंगावर माप घेतलं की लेबलची गरज नव्हती. ती पडली तयार कपड्यांमुळे, कारण एकाच कमरेच्या दोघांचे पाय सारखे लांब असतीलच असं नाही.

तरी छापील आकडा बराच काळ बेभरवशाचा होता. न आटवलेलं डेनिम धुतल्यावर लांबीत १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं. ३४ इंचांतले तीन-साडेतीन इंच गेलेच. अमेरिकी संशोधक सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३०मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत कापड गिरणीतच आटवून घेतात. मग पुढची आटणी एखाद्या टक्क्यावर येते.

आता आसनाचा खेळ. दोन पॅन्ट, दोन्हींचा इनसीम ३०. एकीचं आसन १२ इंच, दुसरीचं ९. पहिली बेंबीजवळ बसते, दुसरी खाली कुल्ल्यांवर. अशा घातल्या तर दोन्हींची मोहरी एकाच जागी येते. पण पहिली तीन इंच खाली ओढून घातली की मधला सांधा मांड्यांत लोंबतो, पाऊल आखूड पडतं आणि मोहरीशी कापडाचा ढीग होतो. दोष इनसीमला मिळतो, चूक मात्र कंबर कुठे बसवली याची. २०००च्या आसपास फॅशनमध्ये पॅन्टची कंबर खाली उतरली आणि पुढे पुन्हा वर चढली. जुन्या पॅन्टचा आकडा नव्या पॅन्टला लागू पडत नाही तो यामुळेच.

जाणकार शिंपी मागच्या भागाची आतली शिवण पुढच्यापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर आखूड कापतो आणि मांडीकडच्या वरच्या टप्प्यात इस्त्रीने ताणून जुळवतो. त्याने कुल्ल्याखालचा घोळ कमी होतो. हा ताण गुडघ्याखाली गेला तर पाय पिळतो आणि शिवण नडगीवर येते.

माप घ्यायचं ते नीट बसणाऱ्या पॅन्टवरून: ती सपाट पसरा, एक पाय बाजूला करा, सांध्यापासून टेप शिवणीलगत न्या. निमुळती पॅन्ट तीन इंच कापली तर मोहरी रुंद होते आणि गुडघ्याची जागा चुकते. तेव्हा बाजूच्या शिवणीही आत घ्याव्या लागतात. आणि सुती कापड असेल तर कात्री लावण्याआधी एकदा धुऊन घ्या.