खसखशीएवढी गोचीड, काजूचा हंगाम आणि माकडताप

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात किंवा गोव्यातल्या सत्तरीत फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाला अचानक सणकून ताप आला, कपाळ फुटतंय की काय असं डोकं दुखू लागलं, कंबर आणि पोटऱ्या भरून आल्या, तर औषधाआधी एक प्रश्न विचारायला हवा. गेल्या आठ-दहा दिवसांत जंगलात, काजूच्या बागेत किंवा पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाचोळा, गोळा करायला गेला होतात का? डेंग्यू आणि लेप्टो यांचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग असतो. माकडतापाचा काळ मात्र कोरडा. डिसेंबरपासून रुग्ण दिसू लागतात आणि मेअखेरपर्यंत दिसत राहतात. लक्षणांवरून हे आजार ओळखू येत नाहीत, पण महिना आणि कामाची जागा विचारली तर अर्धं निदान तिथेच होतं.

माकडतापाचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, दवाखान्याच्या भाषेत केएफडी. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सागर आणि सोरब तालुक्यांत तापाची साथ आली आणि त्याच वेळी जंगलात माकडं मरून पडू लागली. माणसांचा ताप आणि माकडांचे मृत्यू एकत्र म्हटल्यावर पहिली शंका आली पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत ठाण मांडलेला तो आजार भारतात शिरला असता तर मोठाच अनर्थ होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी तिथे पोचले. क्यासनूरच्या जंगलात मेलेल्या माकडातून त्यांनी जो विषाणू वेगळा केला तो पीतज्वराचा नव्हता. तो रशिया आणि युरोपातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला, पण तोवर कुणीच न पाहिलेला होता. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आजची एनआयव्ही, झालं. केएफडीवरचं बरंचसं संशोधन आजही तिथेच चालतं.

विषाणू तसा साधा. सुमारे 10,800 अक्षरांचा आरएनएचा एकच धागा आणि त्यावर प्रथिनांचं कवच. या धाग्यावरून पेशी एक लांबलचक प्रथिन तयार करते आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिनं बनतात: तीन विषाणूचं शरीर घडवणारी, सात त्याच्या प्रती काढणारी. डेंग्यूच्या विषाणूची रचनाही अशीच आहे. फरक वाहकाचा. डेंग्यू डासावर स्वार होतो, हा गोचिडीवर. या एका फरकामुळे आजाराचं सगळं वेळापत्रक बदलतं.

मुख्य वाहक आहे हीमाफायसालिस स्पिनिजेरा. गुरांच्या कानात दिसणारी टपोरी गोचीड डोळ्यांसमोर आणू नका. माणसाला चावते ती या जातीची अर्धवट वाढलेली पिल्लू-गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढी. तिला डोळे नसतात. पातेऱ्यातल्या पानाच्या कडेवर किंवा बुटक्या झुडपाच्या टोकाला चढून ती पुढचे दोन पाय हवेत पसरून थांबते. त्या पायांच्या टोकांशी एक बारीक खोबण असते, तिच्यातून तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास कळतो. पाय किंवा कपड्याची कड घासून गेली की ती चिकटते, वर चढते आणि कातडी मऊ असेल तिथे तोंड रुतवते. चावा दुखत नाही. म्हणून 'मला गोचीड चावलीच नाही' असं रुग्णाने शपथेवर सांगितलं तरी शंका सोडायची नाही.

तिचं आयुष्य तीन टप्प्यांचं आणि दर टप्प्यात जेवण एकदाच. पावसाळा सरता सरता अंड्यांतून सहा पायांच्या अळ्या निघतात. त्या उंदीर-घुशी, जमिनीवर वावरणारे पक्षी आणि माकडं यांचं रक्त पितात, मग गळून पडतात आणि कात टाकतात. त्यातून आठ पायांची पिल्लू-गोचीड तयार होते. ती डिसेंबर ते मे या काळात भरपूर असते. तिचं एकदा रक्त पिऊन झालं की पावसाळ्याच्या तोंडाशी पूर्ण वाढलेली गोचीड बनते आणि ती गुरांसारखी मोठी जनावरं शोधते. म्हणजे अळीने आजारी माकडाचं रक्त प्यायलं, कात टाकताना विषाणू तिच्या अंगात टिकून राहिला आणि पुढच्या अवतारात ती माणसाला चावली, तर ताप. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. विषाणूची साखळी माणसापाशी तुटते. घरच्यांनी रुग्णाजवळ बसायला घाबरण्याचं कारण नाही.

गुरांचं कोडं जरा वेगळं. गाय या विषाणूने सहसा आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात तो फारसा वाढतही नाही. पण मोठ्या गोचिडीला पोटभर रक्त तिच्याकडेच मिळतं. पोट भरलेली मादी गळून पडते आणि हजारांनी अंडी घालते. जंगलाच्या कडेला गावठी गुरं जितकी जास्त चरतात, तितक्या गोचिडी जास्त. पश्चिम घाटात अलीकडे झालेल्या अभ्यासांत धोका सर्वात जास्त दिसतो तो घनदाट, अखंड रानात नव्हे, तर जंगल, बागायत, चराई आणि वस्ती एकमेकांत मिसळलेल्या भागात. कोकणातलं कुठलंही डोंगरउताराचं गाव आठवा, हेच चित्र दिसेल.

माकडांचं तर दुर्दैवच. लाल तोंडाची माकडं, कोकणात ज्यांना केलडी म्हणतात ती, आणि काळ्या तोंडाची वानरं या आजाराने पटापट मरतात. मेलेल्या माकडाचं अंग थंड होऊ लागलं की त्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात आणि ती जागा धोक्याची बनते. त्यामुळे मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, काठीने ढकलायचं नाही, पुरायला जायचं नाही. जागा नीट लक्षात ठेवून वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवायचं. पशुवैद्यक संरक्षक पोशाख घालून मेंदू, यकृत, प्लीहा यांचे नमुने घेतात, शव जाळतात आणि त्या जागेभोवती सुमारे 50 मीटरपर्यंत कीटकनाशक मारलं जातं. दोन दिवस उशीर झाला तर शव सडतं, नमुना वाया जातो आणि तोवर गोचिडी पांगलेल्या असतात.

जंगलात विषाणू फिरतो आहे का हे माकडं मरण्याआधीही पाहता येतं. पांढऱ्या फ्लॅनेलचा साधारण मीटरभर तुकडा काठीला बांधून पातेऱ्यावरून हळूहळू ओढत न्यायचा. काही पावलांनी उलटून पाहिलं की गोचिडी त्याच्या लवेला चिकटलेल्या दिसतात. त्या जात आणि अवस्था पाहून वेगळ्या करतात, गटागटाने कुटतात आणि विषाणूची आरएनए चाचणी करतात. काम कंटाळवाणं आहे, पण माणसं आजारी पडण्याआधी इशारा देणारे उपाय मोजकेच आहेत आणि हा त्यांतला एक.

जवळजवळ पाच दशकं केएफडी शिमोगा आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांपुरता राहिला. 2012 पासून तो बंदीपूर आणि निलगिरीच्या भागात दिसला, मग केरळात वायनाडला, 2015 मध्ये सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात. आपल्याकडे त्याचं नातं काजूशी जुळलं. काजू पिकतो फेब्रुवारी ते मे. बोंडू खाली पडतात आणि बिया वेचायला माणसं वाळक्या पानांत तासन्‌तास वाकून, बसून काम करतात. नेमका तोच काळ पिल्लू-गोचिडीचा. गोव्यातल्या उद्रेकात काजू वेचणारे मजूर ठळकपणे बाधित झाले ते म्हणूनच. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजायला, किंवा गोठ्यात अंथरायला पातेरा डोक्यावरून घरी आणणं हीसुद्धा तितकीच जोखमीची गोष्ट, कारण त्यासोबत गोचीड अंगणात येते.

चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप सुरू होतो. डोळे लाल होतात, उलट्या होतात, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. बहुतेक रुग्ण दोन आठवड्यांत सावरतात, अशक्तपणा मात्र बराच काळ रेंगाळतो. फसवणूक पुढे आहे. 10 ते 20 टक्के रुग्णांना आठ-पंधरा दिवस बरं वाटल्यावर ताप पुन्हा येतो, या वेळी मान आखडणं, हात थरथरणं, नजर धूसर होणं, बरळणं यांच्यासह. 'बरा झाला' म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. मृत्यूचं प्रमाण साधारण 3 ते 5 टक्के. विषाणूवर नेमकं औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं, गरज पडल्यास रक्तघटक देणं हाच उपचार. तापावर पॅरासिटामॉल घ्यावं. अंग ठणकतं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गेल्या काही वर्षांत खरी प्रगती झाली ती चाचणीत. पूर्वी नमुना पुण्याला जायचा, उंदराच्या पिल्लांत किंवा पेशींत विषाणू वाढवून पाहायचा, आणि उत्तर येईपर्यंत रुग्णाचं जे व्हायचं ते झालेलं असायचं. शिवाय हा विषाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही सहज लागतो. आता दोन चाचण्या आहेत आणि प्रत्येकीचा दिवस ठरलेला आहे. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू असतो, तेव्हा आरटी-पीसीआर. साधारण पाचव्या दिवसापासून शरीराने बनवलेली आयजीएम प्रतिपिंडं सापडू लागतात, तेव्हा एलायझा. चूक होते ती इथे: दुसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्ताची नुसती एलायझा केली की उत्तर 'नाही' येतं आणि रुग्ण निर्धास्त होतो. तिसऱ्या आठवड्यात नुसती पीसीआर केली तरी तसंच. म्हणून चिठ्ठीवर ताप कधी सुरू झाला ती तारीख लिहिणं हे रक्त घेण्याइतकंच महत्त्वाचं. नमुना 2 ते 8 अंशांवर, बर्फाच्या डब्यातूनच जायला हवा. मार्चच्या उन्हात दुपारभर गाडीत राहिलेल्या नळीतलं आरएनए तुटतं आणि पुन्हा खोटं 'नाही' हाती येतं.

यावर उतारा म्हणून एनआयव्हीने गोव्यातल्या मोलबायो कंपनीबरोबर ट्रूनॅट यंत्रावर चालणारी केएफडीची चिप तयार केली. क्षयरोगासाठी हे यंत्र अनेक आरोग्य केंद्रांत आधीच आहे. ते बॅटरीवर चालतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही आणि तासाभरात उत्तर मिळतं. नमुन्याचा प्रवासच वाचतो, त्यामुळे वाटेत बिघडण्याचा प्रश्न उरत नाही.

लसीची गोष्ट मात्र निराशेची आहे. सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मलिनने मारलेल्या केएफडी विषाणूची लस आली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, पुढे पाच वर्षं दरसाल एक. टोचल्यावर हात चांगलाच दुखायचा, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला माणसं फिरकतच नसत. 2005 ते 2010 मधल्या कर्नाटकातल्या आकड्यांवरून दोन डोसांचा परिणाम सुमारे 62 टक्के आणि तिसऱ्यासह 83 टक्के निघाला. तो पुढे आणखी घसरल्याचं दिसल्यावर 2022 मध्ये ही लस बंद झाली. आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी निष्क्रिय लस विकसित करत आहेत. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळांत दुसऱ्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर केएफडीची प्रथिनं बसवून बनवलेल्या लसीच्या एकाच डोसाने माकडांचं संरक्षण झालं. कुठलीही लस आली तरी ती डिसेंबरच्या आत टोचून व्हायला हवी, पिल्लू-गोचीड आल्यावर सुरुवात करून भागणार नाही.

तोवर भिस्त अंगावरच्या कपड्यांवर. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट, कारण फिक्या कापडावर खसखस दिसते. विजार मोज्यांत खोचलेली. उघड्या अंगावर आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचिडीला दूर ठेवणारं डेपा तेल, घाम आला की पुन्हा. न्याहारीला पातेऱ्यावर बसायचं नाही, टॉवेल झुडपावर टाकायचा नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि अंघोळीच्या वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासणी: कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्यामागे. गोचीड रुतलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला टेकून धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. पिळायची नाही. रॉकेल, चुना, पेटती काडी यांपैकी काहीही लावायचं नाही, त्याने ती जखमेत लाळ ओकते आणि विषाणू लाळेतच असतो. मग साबणाने जागा धुवायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करायची. ताप आलाच तर डॉक्टर विचारतील ती तारीख हीच.