‘स्थानिक’ म्हणजे नेमका कुठला? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रोजगाराची पार्श्वभूमी

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी उड्डाणे सुरू झाली आणि ‘स्थानिकांना नोकऱ्या किती’ हा प्रश्न पुन्हा वर आला. विमानतळ नवा, प्रश्न जुनाच.

भूसंपादनाची कथा इथे उगाळत नाही. 1960 च्या दशकात कारखान्यांसाठी आणि 1970 नंतर नवी मुंबई शहरासाठी जमिनी कशा गेल्या, हे दिघ्यापासून उरणपर्यंत प्रत्येक घराला पाठ आहे. कामाच्या अंगाने एवढेच लक्षात घ्यायचे की, मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. त्याच शेतात लावणीला येणारी बाई, मिठागरातला मजूर, खाडीत जाळे टाकणारा, यांचेही काम गेले. पण ते कुठल्या कागदावर नव्हतेच. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार होऊन पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड आला, पण त्याचाही हिशेब गेलेल्या जमिनीच्या क्षेत्रावर. नोकरीसाठी मिळाला तो प्रकल्पग्रस्त दाखला: कुटुंबामागे एकाला, सरकारी-निमसरकारी भरतीत पाच टक्के. खासगी कारखान्याच्या गेटावर त्याचा धाक कधीच नव्हता.

खरा गुंता आहे तो ‘स्थानिक’ या शब्दाचा. उद्योगांत 80 टक्के आणि पर्यवेक्षकाच्या जागांवर 50 टक्के स्थानिक घ्यावेत, हे राज्याचे धोरण जुने आहे. 2008 च्या निर्णयाने ते सवलती घेणाऱ्या उद्योगांशी जोडले गेले. पण त्या हिशेबात स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिलेला माणूस. म्हणजे गोठिवलीत सात पिढ्या काढलेला, नांदेडहून काल रबाळ्याला उतरलेला आणि परराज्यातून येऊन पंधरा वर्षे तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहिलेला, हे तिघेही सारखेच स्थानिक. सरकारच्या बाजूने पाहिले तर यात गैर काही नाही. राज्य एका गावापुरते धोरण आखू शकत नाही. पण गोठिवलीच्या पोराने ‘स्थानिकांना प्राधान्य’ ही घोषणा ऐकली ती स्वतःबद्दल आहे असे समजून. पुढाऱ्यांनीही हा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण दोन्ही अर्थांवर टाळ्या मिळतात.

माथाडींचे, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांचे, उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या मशीद बंदरचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आला, तशा सातारा-जुन्नरकडच्या माथाडींच्या टोळ्याही आल्या. 1969 च्या माथाडी कायद्याचे संरक्षण, माथाडी मंडळाकडून पगार, हे सगळे ते मुंबईतूनच घेऊन आले होते. गावांच्या नजरेत ते बाहेरचे. आज कोपरखैरणे-घणसोलीत जन्मलेली त्यांची नातवंडे बाहेरची कशी म्हणायची?

दुसरीकडे खुद्द गावांची मागणी बदलली, आणि यावर फारसे कोणी बोलत नाही. नोकरी मिळेना तेव्हा ठेका मागितला गेला: भंगार, टँकर, कँटीन, बस आणि शेवटी लेबर. ठेकेदार भूमिपुत्र, पण त्याच्या हजेरीपटावर माणसे बाहेरची. त्याचे कारणही हे ठेकेदार उघडपणे सांगतात: हळदीला दोन दिवस दांडी मारणारा गाववाला नको. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा आधी वीस कामगारांपासून लागू होई. महाराष्ट्राने 2017 पासून ही मर्यादा पन्नासवर नेली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या केंद्राच्या संहितेतही ती पन्नासच आहे. एका गेटात चाळीस-चाळीस माणसांचे तीन ठेकेदार असले, की 120 जण कामावर असूनही एकाही ठेकेदाराला परवाना लागत नाही. कायम कामगार मूठभरच उरल्यावर त्यांतले 80 टक्के दाखवायला कितीसे कष्ट?

महाप्यापासून दिघ्यापर्यंत पायी गेले तर गेटांवर पुठ्ठे बांधलेले दिसतात: ‘हेल्पर पाहिजे. पॅकिंगसाठी लेडीज. आधार, पॅन, पासबुक झेरॉक्स.’ खाली मोबाइल नंबर, तोही बहुधा ठेकेदाराचा. पाळी बारा तासांची आहे हे आत गेल्यावर कळते. जन्म कुठला, हे पुठ्ठा विचारत नाही.

दरम्यान रासायनिक कारखाने बंद पडत गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. 2004 मध्ये ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे लोकल सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीची पदवीधर मुले ऐरोली-घणसोलीला उतरू लागली. शेजारच्या गावाच्या वाट्याला हाउसकीपिंग, सिक्युरिटी आणि ड्रायव्हिंग.

विमानतळासाठी दहा गावे उठली, त्यांना साडेबावीस टक्के विकसित जमीन ठरली. नोकरीचे मात्र तिथे एक दार नाही. सुरक्षेची भरती केंद्राची, विमान कंपन्यांची आपापली, सामान हाताळणाऱ्यांची वेगळी, दुकानांची आणखी वेगळी. अर्ज घेऊन येणाऱ्या पोराच्या फायलीत आजोबांचा सातबारा, बापाच्या नावचा प्रकल्पग्रस्त दाखला आणि स्वतःचा अधिवास दाखला असतो. यांतला कुठल्या खिडकीवर कुठला चालतो, हे त्याला खिडकीशी गेल्यावरच समजते.