डिझेल गेलं, डिक्की आखडली: सेडानच्या इंजिननिवडीची पार्श्वभूमी

पंधरा लाखांच्या आत नवी डिझेल सेडान आज सोलापुरातल्या कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी याच शहरात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न 'डिझेल आहे का?' असायचा आणि दुसरा 'वेटिंग किती?'. आता पेट्रोल की सीएनजी एवढंच ठरवायचं उरलंय, खिसा जड असेल तर हायब्रिड. इंजिनांच्या गुणदोषांमुळे हा बदल झाला, असं विक्रेते सांगतात. ते अर्धंच खरं. सोलापूरकरानं कोणतं इंजिन घ्यावं हे बऱ्याच अंशी पंपावरच्या दराच्या पाटीनं आणि कराच्या तक्त्यानं ठरवलं आहे.

जुना काळ थोडक्यात. ॲम्बॅसेडरला १९८० च्या सुमारास डिझेल इंजिन मिळालं, पण ती गाडी प्रामुख्यानं भाड्याची. घरच्या माणसांसाठी डिझेल ही कल्पना रुजली १९९८ च्या शेवटी आलेल्या इंडिकामुळे आणि पुढे २००२ च्या इंडिगोमुळे. आवाज होता, थरथर होती, पण ॲव्हरेज होतं. २००७ मध्ये स्विफ्टला मूळ इटालियन असलेलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन बसलं आणि पुढच्या वर्षी आलेल्या डिझायरनं तेच उचललं. हे एकच इंजिन पुढे एकमेकांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत आलं, की गंमतीनं त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जाऊ लागलं.

सोलापूरला ते मानवलं याचं कारण नकाशात आहे. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, विजापूर शंभर. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर या वाऱ्या वर्षभर चालूच. निम्मे सोयरे सीमेपलीकडे. गावातल्या गावात, सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला जायला डिझेल कुणी घेत नव्हतं. हायवे बहुतेक सपाट, टॉप गिअर टाकला की टाकला. अशा रनिंगला डिझेलसारखं इंजिन नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

मात्र त्यामागे दरातली तफावत होती. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटला, डिझेलचा सुटला नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये आणि डिझेल ४०.९१ रुपये होतं, म्हणजे लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक. पेट्रोल गाडी पंधराचं आणि डिझेल गाडी वीसचं ॲव्हरेज देते असं धरलं, तर किलोमीटरमागे पावणेतीन रुपयांहून जास्त वाचायचे. डिझेल मॉडेलसाठी मोजलेले जादा लाख रुपये पस्तीस हजार किलोमीटरच्या आसपास वसूल. ट्रॅक्टर-मालमोटारीसाठी स्वस्त ठेवलेलं इंधन घरगुती गाड्या पीत आहेत, ही तक्रार तेव्हाच सुरू झाली होती. एका तज्ज्ञ समितीनं २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८०,००० रुपये जादा उत्पादन शुल्क लावायची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. त्याऐवजी जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास-पन्नास पैशांनी वाढवायला परवानगी मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. तफावत हळूहळू आटली. जून २०२० मध्ये दिल्लीत तर डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. आपल्याकडे तसं घडलं नाही, पण बातमीनं व्हायचा तो परिणाम केलाच.

आता थोडं थांबून २००६ च्या अर्थसंकल्पाकडे पाहायला हवं, कारण आजची छोटी सेडान खरं तर तिथे जन्मली. त्या वर्षी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं, पुढे २००८ मध्ये १२ वर. अट अशी: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. डिझेलला तीनशे सीसी जादा का, याबद्दल तेव्हापासून दोन मतं आहेत. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं डिझेल इंजिन तेवढ्याच सीसीत कमी ताकद देतं, म्हणून ही सूट रास्त, असं एक मत. दुसरं असं, की बाजारात जी डिझेल इंजिनं तयार होती त्यांच्या मापाचा हा सदरा शिवला गेला. टर्बो सर्रास झाल्यावर पहिलं कारण राहिलं नाही, तीनशे सीसी मात्र राहिले.

परिणाम दोन झाले. पहिला पेट्रोल इंजिनांवर. स्विफ्ट आणि डिझायरला सुरुवातीला १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. ते या मापात बसेना, म्हणून २०१० मध्ये त्या जागी ११९७ सीसीचं आलं. आजही या वर्गातल्या गाड्यांची माहितीपत्रकं चाळून बघा: ११९७, ११९९. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे अभियंते एकाच आकड्याशी येऊन थांबले, हा योगायोग नव्हे.

दुसरा परिणाम डिक्कीवर. पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, डिक्की ४४० लिटर. २०१२ मध्ये तिला ३९९५ मिलिमीटरवर आणलं गेलं आणि डिक्की ३१६ लिटर उरली. त्याआधी २००८ मध्ये इंडिगोचीही आखूड आवृत्ती आली होती. पुढे अमेझ, एक्सेंट, झेस्ट, ॲस्पायर सगळ्या याच मापात. पुढून सेडान, मागून कुणीतरी दार दाबून बंद केल्यासारख्या त्या दिसतात, असं म्हणणारे होते. पण अमेझनं २०१३ मध्ये दीड लिटरचं डिझेल इंजिन देऊन त्या जादा तीनशे सीसींचा पुरेपूर वापर केला, आणि तोंड वाकडं करणाऱ्यांनीही बुकिंग केलं.

या नियमातली विसंगती आजही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि बाकीच्या ४० वर, पण छोटी कोणाला म्हणायचं याची व्याख्या तीच, २००६ ची. त्यामुळे ९९९ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन असलेली व्हर्टस, निव्वळ साडेचार मीटर लांब म्हणून, ४० टक्क्यांत. तिच्याहून मोठं ११९९ सीसीचं इंजिन असलेली अमेझ १८ टक्क्यांत. इंजिन निवडताना आधी टेप लावून गाडी मोजायची, अशी ही रीत आहे.

डिझेलचा शेवट झटपट झाला. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि पाचवी पायरी गाळून एप्रिल २०२० मध्ये थेट बीएस-६. धुरातली काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड अडवणारी सामग्री छोट्या डिझेल गाडीत बसवायची म्हणजे किंमत वाढणार. सर्वात मोठ्या कंपनीनं, मारुतीनं, एप्रिल २०१९ मध्येच डिझेल सोडत असल्याचं जाहीर केलं, ते राष्ट्रीय इंजिनही संपलं. २०२३ मध्ये रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाचे नियम आले आणि सिटी, अमेझ, व्हर्ना यांची डिझेल इंजिनंही गेली. दिल्लीतल्या दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूरच्या गाडीशी काडीचा संबंध नाही. तरी जुन्या डिझेलचा भाव करताना इथला दलाल ती हमखास पुढे करतो.

ती जागा सीएनजीनं घेतली. मुंबईत हा गॅस १९९० च्या दशकातला. सोलापुरात बऱ्याच उशिरा पोचला, तोवर बाहेरून किट बसवणं म्हणजे वॉरंटीवर पाणी. २०२२ मध्ये टिगोर आणि डिझायर या दोन्ही कंपनीच्या सीएनजीसह आल्या आणि घरगुती गिऱ्हाईक वळलं. नव्या डिझायरचं इंजिन पेट्रोलवर सुमारे ८२ अश्वशक्ती देतं, गॅसवर ७०. सपाट रस्त्यावर फारसं जाणवत नाही. पाच माणसं, एसी आणि मे महिन्यातलं ऊन असताना ट्रकला ओव्हरटेक करताना जाणवतं. शिवाय कर वाचवण्यासाठी कापलेल्या डिक्कीत आता टाकी. नव्या सुनेच्या माहेरच्या बॅगा मांडीवर.

पेट्रोलकडे परतणाऱ्यांपुढे इथेनॉल आहे, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं, उसापासूनही बनणारं अल्कोहोल. सरासरी दहा टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, वीस टक्क्यांचं मूळचं २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्ये. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. सरकारी आराखड्यातच १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्के घटेल आणि वीससाठी जुळवलेल्यांचं १-२ टक्के, असा अंदाज होता. म्हणून जुनी पेट्रोल सेडान घेताना वीस टक्क्यांना चालणारी, एप्रिल २०२३ नंतरची बघणं शहाणपणाचं. बाकी या जिल्ह्यात इथेनॉलला शिव्या देणं अवघड आहे: पंपावर ॲव्हरेजवरून कुरकुरणाऱ्याचा ऊस बहुधा कारखान्यातच गेलेला असतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, तेव्हा ओरड ऐकू आली ती इथेनॉल हवं म्हणणाऱ्यांची.

राहिला राज्याचा कर. दहा लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला पेट्रोलवर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के आणि सीएनजीवर ७ टक्के, अशी उतरंड २०१७ पासून होती. जुलै २०२५ पासून सीएनजीचा दर एका टक्क्यानं वाढून ८ झाला. गॅसची गाडी पेट्रोलपेक्षा लाखभरानं महाग असते. करातले हे तीन टक्के त्यातला काही भाग ऑन रोड किमतीतच परत देतात, उरलेला रनिंगवर अवलंबून.