ब्रीदर पाईपमधून ऑइल ठिबकतंय? ट्रकमालक आणि चालकांसाठी माहिती

लोड वाहून आलेला ट्रक उभा केला की थोड्या वेळाने इंजिनाखाली काळे डाग दिसतात. वाकून पाहिलं तर चेंबरचं (इंजिनाच्या तळाच्या, ऑइल साठणाऱ्या भागाचं) पॅकिंग कोरडं असतं आणि थेंब ब्रीदर पाईपच्या तोंडाशी लटकत असतो. अशा वेळी बरेच ग्राहक पाईपचं तोंड बंद करून मागतात. ते काम आम्ही करत नाही, कारण त्याने इंजिनाचं खरोखर नुकसान होतं.

पिस्टनच्या रिंग अगदी नव्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्या वायूला बाहेर पडायला ठेवलेली वाट म्हणजे ब्रीदर. बाहेर पडताना तो क्रँकने उडवलेल्या ऑइलचे बारीक कण आणि पाण्याची वाफ सोबत नेतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडं चेंबरमध्येही येतं. ब्रीदर पाईप गार असला की आतल्या बाजूला हे सगळं धरतं आणि खाली ओघळतं. थंडीत, किंवा गाडी उभी ठेवून इंजिन तासन्‌तास आयडलवर चालवलं, की ऑइल पुरेसं तापत नाही. मग थेंब ताकासारखा पांढरट दिसतो. नुसत्या पाईपमध्ये असं दिसलं तर घाबरू नका. डिपस्टिकवरचं (ऑइलची लेव्हल पाहायच्या पट्टीवरचं) ऑइलही पांढरट झालं असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका.

पाईपमध्ये बूच ठोकलं, चिंधी बांधली किंवा बारीक नळी जोडली, तर आतला दाब दुसरी वाट शोधतो. डिपस्टिक उसळते, क्रँकची पुढची-मागची सील ऑइल सोडू लागतात. टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) ऑइल चेंबरमध्ये नुसत्या उताराने परत येतं. चेंबरमध्ये दाब असला की ते वरच तुंबतं, सीलमधून टर्बोच्या आत झिरपतं आणि निळा धूर सुरू होतो. मग चांगला टर्बो खराब समजून बदलला जातो.

आता ठिबक किती चालेल? थेंबांपेक्षा डिपस्टिककडे बघा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी लेव्हल पाहा. ती वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी जास्तीचं ऑइल काढा. क्रँक त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदर ओकू लागतो. ऑइल न टाकताच लेव्हल वाढत असेल, तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. त्या गाडीला ताबडतोब वर्कशॉप दाखवा.

लेव्हल बरोबर असूनही ठिबक अचानक वाढली, पाईपमधून धूर फुसफुसत येऊ लागला, तर बॅक कॉम्प्रेशन वाढलंय. इथे घाईने इंजिन खोलू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. दोष दरवेळी रिंग-लायनरचाच नसतो. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर झिजला तर त्याची हवाही चेंबरमध्येच येते. टर्बोचं सील गेलं तरी तसंच होतं. गाडीच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावून कॉम्प्रेसरची डिलिव्हरी लाईन सोडायची, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि ब्रीदरचा जोर कमी होतो का ते पाहायचं. एवढ्या तपासणीवरून कधी कधी पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च वाचतो. ऑइल टाकायच्या भोकावर झाकण उलटं ठेवून ते नाचतं का बघायची पद्धत प्रचलित आहे, पण निर्णय तिच्यावर सोडू नये. चेंबरचा दाब पाण्याच्या मॅनोमीटरवर (पाण्याच्या पातळीवरून दाब दाखवणाऱ्या नळीवर) मोजून त्या इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडून पाहावा.

इंजिन ठीक आहे आणि फक्त घाण टाळायची आहे, तर थेंब गोळा करायला बाटली बसवता येते. होजचा आतला व्यास मूळ पाईपइतका किंवा मोठा हवा. होज इंजिनापासून बाटलीपर्यंत सतत उतरता राहिला पाहिजे. मध्ये झोळ पडला की त्यात ऑइल साचून वाट बंद होते. होज ऑइलला आणि उष्णतेला टिकणारा घ्यावा, पाण्याचा साधा पाईप फुगतो आणि मऊ पडतो. बाटलीला हवा जाण्यासाठी मोकळं तोंड हवंच. ते रेडिएटरसमोर आलं तर जाळीवर ऑइल आणि धूळ बसून इंजिन तापू लागतं, आणि एक्झॉस्टजवळ आलं तर आगीचा धोका. बाटलीत जमलेलं इंजिनात परत ओतू नका, त्यात पाणी आणि आम्लं असतात. जुन्या ऑइलबरोबर रीतसर द्या.

बऱ्याच नव्या इंजिनांत ब्रीदरचा वायू फिल्टरमधून परत टर्बोच्या आधीच्या हवेत सोडलेला असतो. तिथे होज कापून खाली सोडू नका. फिल्टर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदला, तो तुंबला तर परिणाम बूच मारल्यासारखाच होतो.

आमच्याकडे येताना मागच्या काही फेऱ्यांत किती किलोमीटरला किती ऑइल टाकलं, ते कागदावर लिहून आणा. आणि येण्याआधी इंजिन धुऊ नका, ऑइल कुठून ओघळलंय ते त्या मळावरूनच आम्हाला कळतं.